मुलाच्या कॉर्नियाला शंकूसारखा आकार येतोय: सी-थ्री-आर लगेच करावं की सहा महिने थांबावं?

केळीची_बाग | ११ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं इथे नुसतं वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, यंदा अकरावीला. आम्ही रावेर तालुक्यात राहतो. आठवीत त्याला चष्मा लागला तेव्हा विशेष काही वाटलं नाही, आमच्या घरात सगळ्यांनाच चष्मा आहे. पण मग दर सहा महिन्यांनी नंबर बदलायला लागला. गेल्या वर्षी उजव्या डोळ्याचा सिलिंडर नंबर दीड होता, आता साडेतीन. दोन वर्षांत तीन चष्मे झाले आणि तिसऱ्यानेही नीट दिसेना. चष्म्याच्या दुकानात सांगितलं, मशीनवर नंबरच स्थिर येत नाही, मुलगा डोळा हलवतो. मीही त्याला रागावले.

मागच्या संकष्टीला मी चंद्र बघायला त्याला गच्चीवर बोलावलं. तो म्हणाला, "आई, यातला खरा कुठला? मला एकाखाली एक तीन दिसतात, खालच्याला शेपूट आहे." माझ्या हातातलं निरांजन तसंच राहिलं. विचारलं, कधीपासून? तर म्हणे, "वर्ष झालं असेल, मला वाटलं सगळ्यांना असंच दिसतं."

जळगावच्या डॉक्टरांनी तपासून मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे पेंटाकॅम नावाचा स्कॅन झाला. निदान: केरॅटोकोनस, दोन्ही डोळ्यांत. उजव्याचा सर्वांत जास्त वक्रतेचा आकडा ५४.६ आणि सर्वांत पातळ जागी जाडी ४५१ मायक्रॉन. डाव्याचे ४७.८ आणि ४८९. डॉक्टर म्हणाले, उजव्याचं सी-थ्री-आर, म्हणजे कॉर्निया कडक करायचा उपचार, याच महिन्यात करून घ्या, डाव्यावर लक्ष ठेवू. नात्यातल्या एकांनी दुसरीकडे दाखवायला लावलं. तिथले म्हणाले, घाई नको, सहा महिन्यांनी परत स्कॅन करा आणि वाढलं असेल तर बघू.

दोघेही शिकलेले, दोघेही सज्जन. आता मी कुणाचं ऐकू? आणि हे केल्यावर त्याचा नंबर उतरेल ना? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी कृपया लिहा.

---

गोदाकाठ | ११ जून, रात्री १०:४०

ताई, आधी धीर धरा. मला हे १९ व्या वर्षी निघालं, २०१२ मध्ये. आज मी नाशिक-मुंबई गाडी चालवतो, नोकरी दिवसभर स्क्रीनपुढे. डोळे जात नाहीत यात. उद्या सविस्तर लिहितो, आत्ता लेन्स काढून झोपायची वेळ झाली.

---

लोलक | १२ जून, सकाळी ७:०५

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, सोलापुरात १८ वर्षं डोळे तपासतोय. पहिल्यांदा एक सांगतो, मुलाला रागावलात त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मशीनवर नंबर न येणं हेच या आजाराचं लक्षण असतं. ज्या दुकानात "मुलगा डोळा हलवतो" म्हणाले तिथे कुणी रेटिनोस्कोप, म्हणजे डोळ्यात प्रकाशाची तिरीप टाकून बघायचं उपकरण, हातात घेतला असता तर दोन मिनिटांत शंका आली असती. त्या प्रकाशाची तिरीप निरोगी डोळ्यात एकसंध सरकते. या डोळ्यात ती कात्रीच्या पात्यांसारखी उघडते आणि मिटते. आम्ही तिला कात्री-रिफ्लेक्सच म्हणतो. हे उपकरण लाखांचं नाही, छोट्या गावातही असतं, पण संगणकावरचा नंबर आल्यापासून ते कपाटात गेलंय. याचा मला खरंच त्रास होतो.

आता काय होतंय ते. कॉर्निया म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच. तिची मधली जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त. ती कोलॅजनच्या धाग्यांनी विणलेली असते. सुंभाची बाज डोळ्यांपुढे आणा. सुंभ सैल पडला की बाजेला खोळ पडते. तसंच इथे धाग्यांची वीण सैल पडते, आतला दाब तर असतोच, मग काच पातळ होऊन पुढे फुगते, बहुतेक वेळा मध्याच्या जरा खाली. साध्या कॉर्नियाची वक्रता ४३-४४ डायॉप्टर असते, तुमच्या मुलाची एका जागी ५४ झालीय. त्या उंचवट्यावरून प्रकाश वेडावाकडा वळतो, म्हणून तीन चंद्र.

सी-थ्री-आर म्हणजे त्या बाजेला आडवे धागे घालून ताणून घेणं. रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व बी-टू, याचे थेंब कॉर्नियात मुरवतात आणि त्यावर ठरावीक अतिनील प्रकाश सोडतात. त्याने कोलॅजनच्या धाग्यांत नवे जोड तयार होतात, काच कडक होते. जर्मनीत ड्रेस्डेनला ही पद्धत बसवली, माणसांवरचे पहिले निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले.

तुमचा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे: नंबर उतरेल का? तो उतरावा म्हणून सी-थ्री-आर करत नाहीत. काहींचा थोडा उतरतो, पण तो बोनस. या आजारात दोन वेगळी कामं असतात, एक थांबवणं आणि दुसरं दिसणं. सी-थ्री-आर थांबवतं. दिसण्यासाठी चष्मा, सेमी-सॉफ्ट लेन्स, स्क्लेरल लेन्स हा वेगळा रस्ता. माझ्याकडे दर महिन्याला कुणी ना कुणी येतं, "ऑपरेशन केलं तरी दिसत नाही, पैसे गेले" म्हणत. पैसे गेलेले नसतात. त्यांना हा फरक आधी कुणी सांगितलेलाच नसतो.

---

शेवगा | १२ जून, सकाळी ९:३०

मोबाईलमुळे होतं का हे? आणि बी-टू आणि अतिनील प्रकाश एवढंच असेल तर बी-टूच्या गोळ्या खाऊन कोवळ्या उन्हात बसलं तर? मनापासून विचारतेय, माझ्या भाचीला नुकतंच निदान झालंय.

---

लोलक | १२ जून, सकाळी ९:५२

शेवगाताई, मोबाईलमुळे होत नाही. आणि उन्हाचं अजिबात करू नका. प्रकाशाची तरंगलांबी, तीव्रता, वेळ सगळं मोजून असतं. मूळ पद्धतीत ३० मिनिटं आणि चौरस सेंटिमीटरला ३ मिलिवॅट. कॉर्निया औषधाने पुरता भिजला असेल तरच तो प्रकाश वरच्या थरात अडतो आणि आतल्या भागांना इजा होत नाही. सूर्याकडे बघून दृष्टिपटल भाजलं तर ते भरून येईलच असं नाही. भाचीला डॉक्टरांकडेच न्या.

---

मी_वऱ्हाडी | १२ जून, दुपारी १:१०

सगळे मशीनवर बोलून राहिले, डोळे चोळण्यावर कोणीच नाही. ताई, पोरगा डोळे चोळतो का, ते आधी सांगा.

आम्ही अकोल्याचे. आमच्याकडे मार्च लागला की लहान पोरांचे डोळे लाल, चिकट, खाज सुटते. पाच-सहा वर्षांपासून ते पंधरा-सोळापर्यंत, त्यातही मुलग्यांत जास्त. डॉक्टर याला व्हर्नल म्हणतात, ॲलर्जीच असते ती. माझा धाकटा भाऊ लहानपणी मुठीची हाडं डोळ्यात खुपसून चोळायचा. आई म्हणे, "उष्णता झाली", आणि डोळ्यांवर काकडी ठेवायची. त्याने गार वाटे, पण चोळणं काही थांबलं नाही. २० व्या वर्षी त्याला केरॅटोकोनस निघाला.

त्याहून वाईट गोष्ट सांगतो. खाज थांबावी म्हणून औषधाच्या दुकानातून थेंब आणले होते. टाकले की दोन तासांत डोळा पांढरा स्वच्छ. म्हणून तीन उन्हाळे तेच चाललं. त्यात स्टेरॉइड होतं. त्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू झाला, उजव्या डोळ्याची कडेची नजर कायमची गेली. केरॅटोकोनसवर तर लेन्स मिळाली, पण काचबिंदूने गेलेलं परत येत नाही. राजेहो, चिठ्ठीशिवाय डोळ्यात काहीही टाकू नका.

आणि हा आजार दुर्मीळ आहे असं कोणी म्हणालं तर पटवून घेऊ नका. नागपूरजवळच्या खेड्यांत साडेचार हजारांवर लोकांचे डोळे तपासले होते, २००९ मध्ये छापून आलं. १०० पैकी २ हून जास्त लोकांत निघाला.

---

लोलक | १२ जून, दुपारी २:३५

वऱ्हाडीदादा, चोळण्याबद्दल शंभर टक्के खरं, मीच ते पहिल्यांदा लिहायला हवं होतं. भावाचं वाचून वाईट वाटलं.

त्या अभ्यासाबद्दल मात्र जरा जपून. आकडा २.३ टक्के आहे, पण तिथे निदान केराटोमीटर या वक्रता मोजायच्या साध्या यंत्रावर केलं होतं, ४८ डायॉप्टरच्या वर म्हणजे केरॅटोकोनस. पेंटाकॅमसारखा पूर्ण नकाशा काढलेला नव्हता. काही जणांचा कॉर्निया नुसताच उभट असू शकतो, आणि उलट सुरुवातीचे रुग्ण सुटलेही असतील. आपल्याकडे हा आजार कमी नाही एवढं त्यातून नक्की घ्यावं.

---

निळी_छत्री | १२ जून, संध्याकाळी ६:२०

मी थोडं वेगळं लिहिणार आहे. मला २७ व्या वर्षी केरॅटोकोनस सांगितला आणि "आठवड्यात सी-थ्री-आर करा, नाहीतर कॉर्निया बदलावा लागेल" असं घाबरवलं. मी घाबरून आगाऊ पैसेही भरले होते. सुदैवाने बहिणीने दुसरीकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "स्कॅनच्या आधी किती दिवस लेन्स काढून ठेवली होती?" मी त्याच दिवशी सकाळी काढली होती. सेमी-सॉफ्ट लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता दबतो, त्यामुळे नकाशाच चुकीचा येतो. तीन आठवडे लेन्स बंद ठेवून पुन्हा स्कॅन केला तर चित्र बरंच सौम्य निघालं. दर सहा महिन्यांनी तपासत गेलो, दोन वर्षांत काहीही वाढलं नाही. आज ३४ वर्षांची आहे, काहीही केलेलं नाही.

म्हणून ताई, "थांबा" म्हणणारे डॉक्टर निष्काळजी आहेत असं समजू नका. वाढतंय हे सिद्ध झाल्याशिवाय डोळ्याला हात लावू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

पाचूबंदर | १२ जून, रात्री ११:००

मी नेत्रतज्ज्ञ आहे, रत्नागिरीत. मुलाला न तपासता सल्ला देणार नाही, पण निळ्या छत्रीताईंच्या मुद्द्याला उत्तर द्यायला हवं, कारण तो अर्धा बरोबर आहे आणि अर्धा या मुलाला लागू नाही.

२७ व्या वर्षी आजार स्थिर असणं अगदी शक्य आहे. वय वाढेल तसा कॉर्निया आपोआप थोडा कडक होत जातो, पस्तिशी-चाळिशीनंतर हा आजार सहसा थांबतो. तिथे वाट बघून पुरावा घेणं योग्यच होतं. १६ व्या वर्षी तीच मोजपट्टी लावता येत नाही. या वयात तो पळतो. ब्रिटनमध्ये १० ते १६ वर्षांच्या ६० मुलांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सी-थ्री-आर केलं, निम्म्यांना नेहमीसारखे चष्मा-लेन्स. १८ महिन्यांनी पाहिलं तर उपचार झालेल्यांत ७ टक्के मुलांचा आजार वाढला होता, बाकीच्यांत ४३ टक्के मुलांचा.

"वाढला" कशाला म्हणायचं यावर २०१५ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी मत ठरवलं: पुढची वक्रता वाढणं, मागची वक्रता वाढणं, जाडी कमी होणं, यांतल्या किमान दोन गोष्टी दिसायला हव्यात. नुसता चष्म्याचा नंबर बदलणं हा भक्कम पुरावा नाही. पण १६ वर्षांच्या मुलाचा सिलिंडर वर्षात दीडवरून साडेतीन झाला असेल तर मी तरी तो कागद बाजूला ठेवणार नाही.

आणखी एक गोष्ट ताईंनी आकड्यांत लिहिली आहे, ती कुणाच्या नजरेत आलेली दिसत नाही. जाडी ४५१. नेहमीच्या सी-थ्री-आरमध्ये वरची नाजूक त्वचा, साधारण ५० मायक्रॉनची, खरवडून काढतात आणि त्यानंतर ४०० मायक्रॉन उरायला हवेत, नाहीतर अतिनील प्रकाश आतल्या पेशींपर्यंत पोचण्याचा धोका असतो. ४५१ वजा ५० म्हणजे ४०१. हा मुलगा उंबरठ्यावर उभा आहे. सहा महिन्यांत २०-२५ मायक्रॉन गेले तर साधी पद्धत हातातून जाईल. मग कॉर्निया फुगवणारं वेगळं रायबोफ्लेविन वगैरे पर्याय आहेत, पण ते दुसऱ्या पसंतीचे.

तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना हे दोन्ही स्कॅन घेऊन पुन्हा भेटा आणि थेट विचारा: "हा तुमचा मुलगा असता तर सहा महिने थांबला असता का?"

---

निळी_छत्री | १२ जून, रात्री ११:२५

डॉक्टर, वयाचा मुद्दा मला माहीत नव्हता. ४०१ चं गणित वाचून अंगावर काटा आला. माझं मत या मुलापुरतं मागे घेते. पण एवढं राहू द्या: पुढचे स्कॅन त्याच मशीनवर करा. दोन वेगळ्या मशीनचे आकडे शेजारी ठेवून मी एकदा रात्रभर रडले होते.

---

पाचूबंदर | १२ जून, रात्री ११:३१

हे सोन्यासारखं वाक्य आहे. सगळ्यांनी लक्षात ठेवा.

---

मर्सीकाठची_मराठी | १३ जून, पहाटे ३:४०

मी लिव्हरपूलला असते. मजा म्हणजे या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन याच गावच्या एका शल्यचिकित्सकाने, जॉन नॉटिंगहॅमने, १८५४ मध्ये केलं. अख्खं पुस्तक लिहिलं होतं शंकूच्या आकाराच्या कॉर्नियावर. तेव्हा करता काहीच येत नव्हतं.

इथे आशियाई वंशाच्या लोकांत हा गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, त्यामुळे आमच्या ऑप्टिशियनने माझ्या मुलीचं आडनाव वाचूनच जादा तपासणी केली. तिला निघाल्यावर धाकट्याचाही स्कॅन करायला लावला. ताई, आणखी मुलं असतील तर त्यांचाही करून घ्या. घरात एकाला असेल तर भावंडांना धोका वाढतो, आणि सुरुवातीला चष्म्याने अगदी स्वच्छ दिसत असतं, म्हणून कळत नाही.

---

गोदाकाठ | १३ जून, सकाळी ८:००

कबूल केल्याप्रमाणे लिहितो.

सी-थ्री-आर करताना काहीच दुखत नाही. भूल थेंबांची असते, तुम्ही जागे असता. आधी अर्धा तास पिवळे थेंब, दर दोन-तीन मिनिटांनी एक, सगळं जग हळदीच्या पाण्यातून बघितल्यासारखं. मग निळा-जांभळा प्रकाश. माझ्या वेळी अर्धा तास होता, आता बऱ्याच ठिकाणी तीव्रता वाढवून दहा मिनिटांत करतात. शेवटी पट्टीसारखी एक मऊ लेन्स बसवतात, ती चार-पाच दिवसांनी, वरची त्वचा भरून आली की काढतात.

खरी परीक्षा घरी गेल्यावर. पहिली रात्र आणि दुसरा दिवस डोळ्यात मिरची आणि वाळू एकदम. पाणी वाहतं, उजेड सोसवत नाही. मी माजघरात सगळे पडदे लावून पडलो होतो, आजी बाहेर बसून पोथी वाचायची, मी ऐकायचो. तिसऱ्या दिवसापासून ओसरलं. आठवडाभर डोक्यावरून अंघोळ नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. ताई, मुलाच्या परीक्षेच्या महिन्यात करू नका. पहिले काही आठवडे त्या डोळ्याने आधीपेक्षाही धूसर दिसतं. तेव्हा घाबरू नका, डॉक्टरांना दाखवत राहा. मला तिसऱ्या महिन्यात आधीसारखं दिसायला लागलं. त्यानंतरचे सगळे स्कॅन जिथल्या तिथे आहेत, एक डायॉप्टरही सरकला नाही.

मग लेन्स. आधी सेमी-सॉफ्ट घातली. दिसायचं उत्तम, पण नाशिकरोडच्या धुळीत एक कण आत गेला की डोळा फुटल्यासारखं व्हायचं. पाच वर्षांपूर्वी स्क्लेरल घेतली. ती मोठी असते, पांढऱ्या भागावर टेकते, कॉर्नियाला शिवतच नाही. मधल्या जागेत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाईन भरून घालायची. ते पाणीच तुमचा नवा, गुळगुळीत कॉर्निया. पहिल्यांदा घातली तेव्हा मला समोरच्या झाडाची पानं सुटी सुटी दिसली. मी क्लिनिकच्या खिडकीतून हललोच नाही दहा मिनिटं.

खर्च: सी-थ्री-आर एका डोळ्याचं तेव्हा २५ हजारांच्या आसपास झालं, लेन्सची जोडी ६० हजारांच्या वर गेली. धर्मादाय नेत्ररुग्णालयात नक्की चौकशी करा, फरक पडतो.

---

सुपारी | १३ जून, सकाळी ९:१५

आमच्या घरात लेन्स हा सहावा सभासद आहे. ह्यांच्या हातून पडली की एकच आरोळी: "कुणी हलू नका!" मग सासूबाई, मुलं, भांडीवाल्या मावशी, सगळे जिथल्या तिथे पुतळे. मावशी आता स्वतःच बॅटरी घेऊन येतात आणि पहिल्यांदा सापडतेही त्यांनाच. लेन्स घालताना बेसिनला बोळा लावा आणि खाली पांढरा टॉवेल अंथरा, एवढं मी अनुभवाने सांगते.

---

सातपुडा_पायथा | १३ जून, संध्याकाळी ७:४५

वय ५२. आमच्या तरुणपणी सी-थ्री-आर नव्हतं. माझ्या डाव्या डोळ्यात १९९७ साली एका सकाळी उठलो तर सगळं पांढरं. कॉर्नियाचा आतला पडदा फाटून पाणी आत शिरलं होतं, हायड्रॉप्स म्हणतात. महिनोन्महिने थेंब टाकून डाग राहिलाच. १९९८ मध्ये कॉर्निया बदलला. केसाहून बारीक सोळा टाके, ते सगळे निघायला दीड वर्ष गेलं.

एक गोष्ट सगळ्यांना सांगतो. बदललेला कॉर्निया शरीर कधीही नाकारू शकतं, अगदी पंधरा वर्षांनीही. २०११ मध्ये माझा डोळा लाल झाला, उजेड टोचायला लागला, धूसर झालं. शेतात कांदा काढणी चालू होती. भाऊ म्हणाला, उद्या जा. मी त्याच दुपारच्या एसटीने गेलो. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस उशीर केला असता तर गेलाच होता. तोच कॉर्निया आजही चालू आहे. आता तर म्हणे शक्य असेल तिथे फक्त पुढचे थर बदलतात, सर्वांत आतला थर स्वतःचाच ठेवतात, त्यामुळे नाकारण्याचा सर्वांत मोठा धोका टळतो. चेन्नईच्या डॉ. सुसान जेकब यांनी तर दान आलेल्या कॉर्नियाच्या पट्ट्या आत सरकवून आकार सुधारण्याची पद्धत काढलीय.

तो कॉर्निया कुणाचा हे मला माहीत नाही. सांगत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण दर वर्षी ऑपरेशनच्या तारखेला देवापुढे एक दिवा जास्त लावतो.

---

शेवगा | १३ जून, रात्री ८:२०

काका, डोळे भरून आले. आमच्या बाबांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला होता, पण ते गेले त्या रात्री कुणाला सुचलंच नाही. त्यांना मधुमेह होता, मोतीबिंदू झाला होता, म्हणून चालणार नाही असंही काही जण म्हणाले.

---

पाचूबंदर | १३ जून, रात्री ९:०५

शेवगाताई, मधुमेह, चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन यांमुळे नेत्रदान अडत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हायला हवं. पथक येईपर्यंत पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, उशीने डोकं जरा उंच करायचं, पंखा बंद. फॉर्म भरलेला नसला तरी जवळचे नातेवाईक संमती देऊ शकतात. नेत्रपेढीचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या. त्या रात्री सुचत नाही हे मी शेकडो घरांत पाहिलंय, त्यात तुमचा काही दोष नाही.

---

अबोली_गजरा | १४ जून, सकाळी १०:३०

थोडं विषयाला सोडून. लग्न ठरल्यावर मला चष्मा नको म्हणून लॅसिक करायचं होतं. साडी, मेकअप, मेंदी सगळं ठरलं, लॅसिकची तारीखही. आदल्या दिवशीच्या स्कॅनमध्ये सुरुवातीचा केरॅटोकोनस निघाला आणि त्यांनी सरळ नकार दिला. मी खूप चिडले होते. नंतर कळलं की लॅसिकमध्ये कॉर्निया आणखी पातळ करतात, आधीच कमकुवत असेल तर तो झपाट्याने फुगत जातो. त्या "नाही"ची किंमत आता कळते. लग्न चष्म्यात झालं, फोटो सुंदर आलेत.

---

केळीची_बाग | १६ जून, रात्री १०:५०

सगळं वाचलं, यांनाही वाचून दाखवलं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देता येत नाही, माफ करा.

वऱ्हाडीदादा, तुम्ही विचारलंत म्हणून दोन दिवस त्याच्याकडे नुसतं बघत बसले. अभ्यास करताना, पंख्याखाली, झोपेतून उठल्यावर, दर वेळी मुठीने डोळे चोळतो. उजवा जास्त. झोपतोही उजव्या कुशीवर, हात डोळ्याखाली घेऊन. इतकी वर्षं माझ्या समोर चाललं होतं. आणि धाकटी, १२ वर्षांची, तीही चोळते.

दुसऱ्या डॉक्टरांकडे स्कॅन घेऊन परत गेलो आणि पाचूबंदर डॉक्टरांनी सांगितलेला प्रश्न विचारला. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "जाडीकडे बघता नाही थांबणार." पुढच्या गुरुवारची तारीख घेतली आहे. धाकटीचा स्कॅनही त्याच दिवशी.

---

मी_वऱ्हाडी | १६ जून, रात्री ११:०२

लय बरं केलं ताई. खाजेवर डॉक्टरांकडून ॲलर्जीचे थेंब लिहून घ्या, नुसतं "चोळू नको" म्हणून पोरं ऐकत नसतात. खाज थांबली तर हात थांबतो. फ्रीजमधला गार कपडा पापण्यांवर ठेवला तरी आराम पडतो.

---

केळीची_बाग | २८ ऑक्टोबर, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. चार महिने झाले.

गोदाकाठदादांनी लिहिलं तसंच झालं, पहिल्या दोन रात्री फार कठीण गेल्या. पडदे लावून मी त्याला भौतिकशास्त्राचं पुस्तक वाचून दाखवलं, मला काही कळत नव्हतं, तो झोपेत चुका दुरुस्त करायचा. पाच आठवडे धूसर होतं. परवा त्याच मशीनवर स्कॅन झाला: उजव्याची वक्रता ५४.२, आणि डावा आहे तिथेच. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लवकर खात्री देत नाही, पण सुरुवात चांगली आहे, वर्षाचा स्कॅन महत्त्वाचा. धाकटीचा कॉर्निया आत्ता ठीक आहे. ॲलर्जीचे थेंब दोघांना चालू आहेत, तिचा स्कॅन दर वर्षी करायचा.

आता दिसण्याचं काम. लेन्सच्या ट्रायलला पुढच्या आठवड्यात जातोय. बारावीत वर्गात दिवसभर घालावी लागेल, आणि आमच्याकडे केळीच्या बागेतून येता-जाता धूळ खूप. दुपारी लेन्स धूसर होते असं ऐकलं, तेव्हा शाळेत काय करायचं? नळाच्या पाण्याने धुतली तर चालेल का?

---

गोदाकाठ | २८ ऑक्टोबर, रात्री ९:४८

नळाचं पाणी कधीच नाही, बोअरचंही नाही, उकळलेलंही नाही. त्यातल्या अमीबाने कॉर्नियाला भयंकर संसर्ग होतो. दप्तरात छोटी डबी ठेवायची: सलाईनच्या एकदाच वापरायच्या कुप्या, लेन्स काढायचा रबरी प्लंजर, स्वच्छ रुमाल, एक आरसा. मधल्या सुट्टीत साबणाने हात धुवून कोरडे करायचे, काढून नवं सलाईन भरून परत घालायची, सरावाने पाच मिनिटांत होतं. वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवा, आणि ट्रायलला जाताना त्याची नखं कापून न्या.

---

सुपारी | २८ ऑक्टोबर, रात्री १०:०५

आणि पांढरा टॉवेल!